चिवड्याचा डबा

आमच्या घरी चिवड्याचे दोन डबे आहेत. एक स्टीलचा, मोठा, स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. दुसरा प्लॅस्टिकचा, लहान. तो थोरल्यांच्या बॅगेत बसून रात्रपाळीला औद्योगिक वसाहतीत जातो आणि सकाळी रिकामा होऊन परत येतो. 'आम्ही' म्हणजे या घरातल्या दोघी जावा. लिहिणारा हात धाकटीचा आहे, पण वजन दोघींचं वाढलं होतं आणि चुकाही दोघींनी मिळून केल्या, म्हणून बोलणं दोघींचं.

आमच्या दोघींचे नवरे महाडच्या एमआयडीसीत कामाला. धाकटे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, त्यांची दिवसाची ड्यूटी. थोरले रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. त्यांना तीन पाळ्या. सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. रात्रपाळीत दर तासाला तापमान आणि दाब वहीत लिहायचा असतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळे मिटायला लागतात. प्लांटमध्ये काही खायला बंदी आहे, म्हणून हात धुऊन कॅन्टीनच्या खोलीत जायचं, चहा घ्यायचा आणि त्याबरोबर मूठभर चिवडा. कुरकुरीत काही चावलं की झोप उडते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. जागरण झालेल्या माणसाला वरणभात आठवत नाही, खारट-तिखट-तळलेलंच आठवतं.

आणि घरी आम्ही काय करत होतो? मुलं झोपली, अब्बांच्या गोळ्या झाल्या, ओटा पुसला, की स्टीलचा डबा खाली यायचा. इशाच्या नमाजनंतरचा तो अर्धा तास आमचा दोघींचा. दिवसभरात जे बोलता येत नाही ते तेव्हा बोलायचं. हात डब्यात, बोलणं चालू. किती खाल्लं याचा हिशोब कोण ठेवतो?

हिशोब ठेवायची वेळ आली ती कारखान्याच्या वार्षिक तपासणीमुळे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात भर पडली आणि धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी करणं मालकावर बंधनकारक झालं. दरवर्षी थोरले जाऊन यायचे, कागद कपाटात पडायचा. त्या वर्षी मात्र रक्तदाब १६४ आणि १०२ निघाला. पुन्हा पाहिला, तरी तेवढाच. वजन ९१. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तीन महिन्यांत हा आकडा खाली आला नाही तर रात्रपाळी बंद आणि मास्क लावून करायची कामंही बंद. रात्रपाळी बंद म्हणजे भत्ता बंद. थोरलीची मुलगी तेव्हा बारावीत होती आणि पुढच्या फीचा सगळा हिशोब त्या भत्त्यावर मांडलेला होता.

पैशापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. अब्बांच्या थोरल्या भावाला बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. ते पुढे अकरा वर्षं खाटेवर होते. थोरले तेव्हा पन्नासला दोन कमी होते. घरात हा हिशोब कुणी मोठ्याने केला नाही, पण प्रत्येकाने मनात केला.

आम्ही त्यांना घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी गोळी सुरू केली, ती रोज घ्यायची आणि बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही असं बजावलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दोघीही काट्यावर या." थोरली ७८, धाकटी ७१. उंची दोघींची जेमतेम पाच फूट एक इंच. मग त्यांनी विचारलं, दिवसभरात घरात काय काय खाल्लं जातं? आम्ही सांगत गेलो. सकाळी भाकरी किंवा पाव, दुपारी भात आणि मासळीचं कालवण, रात्री पुन्हा भात, रविवारी मटण. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, एवढ्याने एवढं वजन होत नाही. घरी येताना रिक्षात आम्ही एकमेकींकडे पाहिलं. चिवडा, फरसाण, वेफर्स, खारे शेंगदाणे, कतारहून आमचा मामेभाऊ आणतो ते खारे पिस्ते, यांतलं एकही नाव आम्ही घेतलं नव्हतं. लपवलं नव्हतं. हे सगळं आम्ही खाण्यात धरतच नव्हतो!

चिवड्याचा डबा आमच्याकडे कधीच रिकामा का नसतो, हे सांगायला हवं, नाहीतर अम्मींवर अन्याय होईल. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या घरात पुरुषभर चढलं. गॅस, तांदूळ, पीठ, मसाले सगळं चिखलात गेलं. आम्ही सगळे पोटमाळ्यावर होतो. अम्मींनी चढताना हाताला लागला तो एकच डबा उचलला होता, चिवड्याचा. दीड दिवस आठ माणसं त्याच्यावर राहिली. पाणी उतरल्यावर बाहेरगावाहून मदत येऊ लागली, तीही बिस्किटं, फरसाण आणि पाण्याच्या बाटल्या. चूल पेटेपर्यंत तेच जेवण. ज्यांनी ते पाठवलं त्यांना अल्लाह भरभरून देवो, कोणत्या धर्माचा हात आहे हे त्या दिवसांत कुणी पाहिलं नाही. पण त्या पावसाळ्यापासून अम्मींच्या मनात पक्कं बसलं की घरात कोरडा, टिकणारा खाऊ नेहमी भरलेला असावा. डबा अर्ध्यावर आला की त्यांना झोप लागत नाही. अशा बाईला "उद्यापासून चिवडा बंद" कसं सांगणार?

म्हणून आम्ही अम्मींना न सांगता सुरुवात केली आणि इथेच पहिली चूक झाली.

धाकटीने कुठेतरी वाचलं होतं की मखाणे चांगले. महाडच्या बाजारात भाव ऐकला आणि पाव किलोच घेतले. नुसते बेचव लागतात म्हणून तुपात परतले, वर मीठ-मिरपूड घातली. मुलांनी एका संध्याकाळी संपवले. तूप किती गेलं ते मोजलं तर चिवड्याच्या तेलापेक्षा कमी नव्हतं. मग नाचणीचे पापड आणले. नाचणी पौष्टिक, भाजायला तेल नको, म्हणून रोज दोन-तीन. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी हसून विचारलं, पापडात काय काय घालतात? मीठ तर असतंच, पण पापडखारही असतो आणि तोही सोडियमचाच क्षार. रक्तदाबाला दोन्ही वाईट. पापड कशाचा आहे यापेक्षा त्यात काय कालवलं आहे हे महत्त्वाचं. मग आम्ही साधं मीठ काढून सैंधव आणलं. तेही मीठच! रंग गुलाबी आणि भाव जास्त, पण आत सोडियम जवळपास तेवढंच.

सगळ्यात मोठी चूक मात्र कमी सोडियमच्या मिठाची. दुकानदाराने दिलं, आम्ही घेतलं आणि सगळ्यांच्या जेवणात घातलं. चार दिवसांनी थोरल्यांच्या तपासणीला गेलो तेव्हा सहज बोलण्यात निघालं. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. या मिठात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला त्याचा फायदाही होतो, पण अब्बांना पंचवीस वर्षांची साखर आहे आणि मूत्रपिंडं अर्धी थकलेली आहेत. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अब्बांचं रक्त त्याच दिवशी तपासलं. अल्हम्दुलिल्लाह, काही झालं नव्हतं. पण ती रात्र आम्ही दोघींनी कशी काढली ते आम्हालाच माहीत. घरात मूत्रपिंडाचा आजारी असेल किंवा कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर भगिनींनो, ही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

त्या रात्रीनंतर आम्ही अम्मींजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. आकडा, तीन महिन्यांची मुदत, अब्बांच्या रक्ताची तपासणी, सगळं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंत? चिवडा मी करते ना?"

खरंच की. या घरात पन्नास वर्षं चिवडा त्याच करत होत्या.

मग सुरू झालं ते खरं काम. आधी आम्ही शिकलेलं पुडीवरचं गणित त्यांना सांगितलं. पुडीच्या मागे १०० ग्रॅममध्ये सोडियम किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. आमच्या घरातल्या फरसाणाच्या पुडीवर ८०० होतं, म्हणजे १०० ग्रॅमला दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी, कालवण, लोणचं, पाव, सगळं आलं. रात्रपाळीला एक वाडगा फरसाण म्हणजे जवळपास निम्मी मर्यादा तिथेच संपली. अम्मी शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण हे गणित त्यांनी एका बैठकीत पकडलं आणि नंतर आमच्यावरच उलटवलं. मुलांच्या खाऊची पुडी आली की आता त्या चष्मा लावून मागची बाजू वाचायला लावतात.

मग त्यांनी तेल मोजलं. किलोभर पोह्यांच्या तळलेल्या चिवड्यात किती तेल जिरतं हे आधी कुणी पाहिलंच नव्हतं. पोह्यांच्या एका ग्रॅमला साधारण चार कॅलरी, तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. म्हणून तळण बंद झालं. पातळ पोहे दोन दिवस कडक उन्हात घालायचे, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर थोडे थोडे कोरडे भाजायचे. मुठीत धरले की चुरा व्हायला हवा. फोडणी वेगळी, अर्धा किलो पोह्यांना दोन चमचे तेल, त्यात भरपूर कढीपत्ता, हिरवी मिरची अगदी कडक होईपर्यंत, लसणाच्या चकत्या, धणे, बडीशेप. मीठ फोडणीत नाही. ते बारीक कुटून शेवटी वरून, आधीच्या एक तृतीयांश. "वर असलं की जिभेला आधी लागतं," अम्मी म्हणाल्या. आंबटपणाला त्यांनी आमसुलं घेतली आणि मग स्वतःच परत ठेवली, कारण आमसुलांनाही मीठ असतं. आमचूर घातला. पहिल्या दिवशी हा चिवडा सगळ्यांना अळणी लागला. धाकटे तर म्हणाले, हा आजाऱ्यांचा चिवडा. महिन्याभराने लग्नघरी फरसाण खाल्लं तेव्हा त्यांनाच ते खारट लागलं. जीभ बदलते, फक्त तिला महिनाभर शिव्या खाऊ द्याव्या लागतात.

कुरमुऱ्यांविषयीही आमचा गैरसमज होता. हलके म्हणून चांगले, असं वाटायचं. पण कुरमुरे करताना तांदळाला मिठाचं पाणी लावतात, मगच ते गरम वाळूत फुलवतात. साळीच्या लाह्या मात्र थेट भातापासून फुटतात, त्यांना मीठ लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बाजारात लाह्या-बत्ताशांचे ढीग असतात, एरवी दुकानदाराला सांगून ठेवावं लागतं. आमचा वाणी लाह्या बाजूला काढून ठेवतो आणि दर वेळी विचारतो, "घरात कुणी आजारी आहे का?" लाह्या, बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. कालवल्यावर पाच मिनिटांत खायचं, नाहीतर चामट होतात.

थोरल्यांच्या डब्यासाठी चावायला कठीण काहीतरी हवं होतं. काकडी दिली तर म्हणाले, ही काय रात्रीची वस्तू आहे? पण मीठ न लावता लांब फोडी करून, फडक्यात गुंडाळून दिली तर पहाटेपर्यंत करकरीत राहते. मीठ लावलं की पाणी सुटतं. तसंच नवलकोल. हळद-मीठ लावलेल्या खाऱ्या चण्यांऐवजी साधे फुटाणे. आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, सालासकट. सोललेले खारे दाणे माणूस मुठीने तोंडात टाकतो, शेंगा एकेक फोडाव्या लागतात. शेंगदाण्यात कॅलरी भरपूर, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, पण फोडायला वेळ लागतो म्हणून आपोआप कमी जातात. शिवाय हाताला काम मिळतं आणि झोप उडते ती वेगळीच. थोरल्यांनीच हे आम्हाला सांगितलं, फोडताना डोळे मिटत नाहीत म्हणून.

घरात सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू मात्र आमच्या डोळ्यांसमोरच होती. सुका जवळा. खारा बांगडा वेगळा, तो मिठात मुरवलेला. जवळा बहुधा नुसता उन्हात वाळवलेला असतो, खारटपणा समुद्राचा काय असेल तेवढाच. निवडून, वाळू झटकून, कोरड्या तव्यावर भाजला की कुरकुरीत होतो. त्यावर कांदा, मिरची, लिंबू. वरून मीठ अजिबात नको. मुलं वेफर्स विसरली असं म्हणणार नाही, पण मागायचं प्रमाण कमी झालं. शेजारच्या काकू वासाने कुरकुरतात हे खरं. आणि रात्रीची उरलेली तांदळाची भाकरी! तिचे हाताएवढे तुकडे तव्यावर मंद आचेवर ठेवले तर खाकऱ्यासारखे कडक होतात. आमच्या भाकरीत मीठ नसतंच. वर लसणाची कोरडी चटणी. इशानंतरचा आमचा अर्धा तास आता या तुकड्यांवर चालतो. तो अर्धा तास आम्ही सोडला नाही आणि सोडणारही नाही.

घामाचा प्रश्न राहिला होता. थोरले म्हणायचे, प्लांटमध्ये उकाडा, वर ते जाड कपडे, घामाने मीठ जातं, मग मीठ नको का? कारखान्यातले बरेच जण असंच म्हणतात आणि लिंबूपाण्यात चमचाभर मीठ घालून पितात. डॉक्टरबाईंचं उत्तर सरळ होतं. घामात पाणी जास्त जातं, तेव्हा आधी पाणी प्या. रोजच्या जेवणात मीठ भरपूर आहे आणि तुमचा दाब वाढलेला आहे, तेव्हा वरचं मीठ तुमच्यासाठी नाही. चक्कर, पायात गोळे असं काही झालं तर माझ्याकडे या, स्वतःच मिठाचं पाणी पिऊ नका.

रमजान आला तेव्हा आमची खरी परीक्षा होती. थोरल्यांनी शाबानमध्येच जाऊन गोळीची वेळ विचारून घेतली, सहेरीला की इफ्तारला. इफ्तारला खजूर, पाणी आणि फळं आधीपासून होतीच. भांडण होतं त्याच्यानंतरच्या ताटाचं. भजी, समोसे, कटलेट. रोजा म्हणजे दिवसभर हात आवरायचा आणि मगरिबची अजान झाली की तळणावर तुटून पडायचं, हे आम्हीच दरवर्षी करत होतो आणि ईदला काटा दोन किलोंनी पुढे जायचा. या वेळी ठरवलं, तळण फक्त जुम्याला. बाकी दिवस उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून, किंवा भाजलेला चिवडा. पहिल्या आठवड्यात मुलं रुसली. अब्बाही रुसले, आणि त्यांच्या रुसण्यापुढे मंगळवारी एकदा भजी झाली हे कबूल करतो. ईदला मात्र आम्ही काहीही मोजलं नाही. ईदला मोजायचं नसतं.

पावसाळ्याने वेगळाच त्रास दिला. महाडचा पाऊस, ओल भिंतीतून अंगावर येते. भाजलेला चिवडा तळलेल्यापेक्षा लवकर सादळतो, हा त्याचा खरा दोष. दोन दिवसांत चामट झाला की पुन्हा पुड्यांची आठवण येते. आता जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा थोडा थोडा करतो आणि डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकतो. मोठा डबा भरलेला दिसावा म्हणून अम्मी त्यात कोरडे भाजलेले पोहे नुसतेच भरून ठेवतात, फोडणी न देता. पूर आला तर ते चालतील, असं त्यांचं म्हणणं.

तीन महिन्यांनी थोरल्यांचा दाब १४६ आणि ९२ होता. मर्यादेच्या वरच, पण कारखान्याच्या डॉक्टरांनी आणखी मुदत दिली आणि रात्रपाळी राहिली. सहा महिन्यांनी १३६ आणि ८६, वजन ८५. यात गोळीचा वाटा मोठा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. फजरनंतर ते अर्धा तास चालायला लागले त्याचाही आहे. चिवड्याचा किती, ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. थोरली ७८ वरून ७२ वर आली, धाकटी ७१ वरून ६६ वर. मध्ये दोन महिने काटा जागचा हलला नाही, नणंदेच्या घरच्या लग्नात दोन किलो परत आले, ते पुन्हा घालवले. सगळं करून वर्ष लागलं.

एकदा रात्रपाळीहून आल्यावर थोरल्यांच्या बॅगेतून वेफर्सची रिकामी पुडी निघाली. थोरलीने ती न बोलता ओट्यावर ठेवली. त्यांनी पाहिली, चहा पीत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "शेंगा संपल्या होत्या. परवापासून जास्त देत जा, आता चौघंजण मागतात."

म्हणून आता आठवड्याला दोन किलो शेंगा भाजतो. पुढच्या महिन्यात या वर्षीच्या तपासणीची तारीख आहे. आज ऊन चांगलं पडलंय, अम्मींनी गच्चीवर पोहे घातलेत आणि कावळे हाकायला नातवाला बसवलंय.